गोलरेषेपलीकडे पडलेला माणूस

टीव्हीवर गोल झाला आणि एल मोलिनो क्लबच्या बारमधल्या यच्चयावत माणसांनी एकदम हात वर केले. "ऑफसाइड! ऑफसाइड!" कुणी टेबलावर थाप मारली, कुणी पंचाच्या आईचा उद्धार केला. मॅच युरोपातल्या कुठल्याशा दोन देशांची होती, पण पासो ओंदो गावच्या माणसांना ओरडायला तेवढं पुरतं. दाराजवळच्या खुर्चीतल्या एबेरनं मात्र हात वर केला नाही. तो अर्धवट उठला आणि तसाच वाकून टीव्हीकडे बघत राहिला.

पडद्यावर गोल पुन्हा दाखवत होते. बचाव करणारा एक गडी स्वतःच्याच गोलकीपरला धडकून गोलरेषेपलीकडे, पार मैदानाबाहेर जाऊन पडला होता. त्याचे बाकीचे साथीदार पुढे सरकले होते. गोल मारणारा गोलकीपरसमोर एकटाच उभा होता, आणि तरी पंचानं गोल दिला होता.

"डोळे फुटले का रे ह्याचे!" ताबारे ओरडला. ताबारे एकेकाळी क्लबचा बचावपटू होता. आता पोट टेबलाला टेकतं.

मग समालोचक बोलू लागला. पंचाला न विचारता जो गोलरेषेबाहेर गेला, तो रेषेवरच उभा आहे असं नियम धरतो. गोल मारणाऱ्यापुढं विरुद्ध बाजूचे दोन गडी लागतात; म्हणजे गोलकीपर एक आणि हा पडलेला दुसरा. दोघं मध्ये असताना ऑफसाइड कसला? गोल चोख आहे, तो म्हणाला, आणि एवढ्या गडबडीत हे ज्याला सुचलं त्या पंचाला मानलं पाहिजे.

काउंटरमागच्या मिरियाननं नळ बंद केला. एकेक मान वळली. आधी ताबारेकडे, मग दाराकडे.

"अगं आई गं," मिरियान म्हणाली. "एबेरकाका."

चौतीस वर्षांपूर्वी याच गावच्या मैदानावर, लीगच्या अंतिम सामन्यात, अगदी हेच घडलं होतं. नदीला पूर आला आणि शहरातून यायचे पंच पलीकडेच अडकले. विरुद्ध संघाची, ला कालेराची पोरं होडीतून पोचली होती, लोक सकाळपासून जागा धरून बसले होते. शेवटी दोन्ही क्लबांनी मिळून ठरवलं की गावातल्याच माणसांनी सामना चालवावा. एबेर पोस्टमन होता, पंचगिरीची परीक्षा पास झालेला. तो शिट्टी घेऊन उतरला. त्याच्याबरोबरच परीक्षा दिलेला त्याचा जिवलग ओरोस्मान लाईन्समन झाला. सामना संपायला चार मिनिटं असताना ताबारे आपल्याच गोलकीपरवर आदळून गोलरेषेपलीकडे आडवा झाला आणि ला कालेराच्या पोरानं चेंडू आत ढकलला. ओरोस्माननं ऑफसाइडचा झेंडा वर केला. एबेरनं तो पाहिला, ताबारेलाही पाहिलं, आणि गोल दिला. एल मोलिनो हरलं.

आपलाच माणूस आणि आपल्यालाच बुडवलं! गावानं दुसरं काही ऐकून घेतलं नाही. एबेर घसा फोडून नियम सांगत होता, पण असला नियम कुणी बापजन्मात ऐकला नव्हता. आणि लाईन्समनचा झेंडा तर सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. लोक त्याच्या हातून पत्रं घेईनात, दाराखालून सरकव म्हणत. रस्त्यानं चालला की पोरं मागून शिट्ट्या वाजवत. त्याची बायको नीबिया गावातल्या नवऱ्यामुलींचे झगे शिवायची. पुढं मुली चार कोस लांब जाऊन झगे शिवून आणू लागल्या. एबेरनं शिट्टी पुन्हा कधी तोंडाला लावली नाही.

आणि ओरोस्मान? तो गावाचा प्रामाणिक लाईन्समन. क्लबानं त्याला कमिटीवर घेतलं. पण एक गोष्ट एबेर कधी विसरला नाही. सगळ्या गावानं पाठ फिरवली तेव्हा दर रविवारी त्याच्या अंगणात येऊन बसणारा, त्याच्या निखाऱ्यावर मांस भाजणारा माणूस हा एकटाच होता. आजही त्याला ओढून बारमध्ये आणलं होतं ते ओरोस्माननंच. वीज पडून एबेरचा टीव्ही जळला होता.

"म्हणजे आपण हरलो ते माझ्या ढुंगणामुळं!" ताबारेनं कपाळावर हात मारला. "पलीकडं जाऊन पडलं, पण मोजलं गेलं रेषेवर!"

बार हसला. चौतीस वर्षांत एबेरच्या देखत या बारमध्ये लोक पहिल्यांदाच असं हसले, आणि ते हसू त्याच्यावर नव्हतं. ताबारे उठला, खुर्च्या सरकवत त्याच्यापाशी आला.  त्यानं एबेरचा हात धरला आणि नुसता हलवत राहिला.

"लई छळलं रे आम्ही तुला," तो म्हणाला. "लई छळलं."

एबेरचे डोळे भरून आले. त्यानं ते लपवलेही नाहीत. चौऱ्याहत्तराव्या वर्षी कुणापासून लपवायचं? मिरियाननं न विचारता त्याच्यापुढं द्राक्षाच्या दारूचा पेला ठेवला. आता रविवारी मैदानावर त्याला बोलवू या, असं कुणी म्हणालं. शिट्टी त्याच्याच हातात देऊ या, असं आणखी कुणी म्हणालं.

"आणि ह्याचं काय करायचं?" ताबारेनं ओरोस्मानकडं बोट दाखवलं. "प्रामाणिक लाईन्समन! अरे, तुला साधा नियम ठाऊक नव्हता आणि आम्ही तुला कमिटीवर घेतलं होय?"

"झेंडा धरायला दिला की वारा येईल तिकडं फडकवायचा," मागून कुणीतरी म्हणालं. पुन्हा हशा झाला. "शेळ्या हाकायला ठेवायला हवा होता!"

ओरोस्मान हसत होता. पण कान लाल झाले होते. त्याला सगळं चालायचं, अडाणी म्हटलेलं चालायचं नाही. लहानपणापासून तसाच.

"मला ठाऊक नव्हता?" तो म्हणाला. "परीक्षेत पहिला कोण आला होता? विचारा ह्याला. हाच प्रश्न आला होता पेपरात. ह्यानं चुकवला होता, मी बरोबर लिहिला होता. संध्याकाळी मीच समजावून सांगितला ह्याला. काय रे एबेर?"

खरं होतं ते. एबेरला आठवलं, शहरातलं ते बसस्थानक, बाकावर मांडलेल्या तीन काडेपेट्या. ही गोलरेषा, हा गोलकीपर, आणि हा बाहेर पडलेला. नियम लक्षात राहिला होता, पण तो कुणी शिकवला हे इतक्या वर्षांत त्याच्या मनातून पार पुसलं गेलं होतं. की त्यानंच पुसलं होतं?

"मग झेंडा कशाला वर केलास?" मिरियाननं विचारलं.

ओरोस्माननं खांदे उडवले.

"मला इथं राहायचं होतं ना, बाई. दुकान मांडून महिना झाला नव्हता."

 मग ताबारेला हसू फुटलं आणि सगळा बार खदखदू लागला. "पक्का कोल्हा आहे लेकाचा!" "ह्याला म्हणतात डोकं!" त्याच्या पाठीवर थापा पडल्या, त्याचाही पेला भरला गेला. लबाडी चोख वठली की या गावाला तिचं केवढं कौतुक! एबेर पेल्याकडं बघत बसला. त्यानं तो उचलला नाही.

दोघं नेहमीसारखे बरोबरच निघाले. ऊन अजून होतं. लिंबोणीच्या कुंपणापर्यंत दोघांची वाट एकच.

"सुटलास बाबा एकदाचा," ओरोस्मान म्हणाला. "बघ, मी ओढून आणलं नसतं तर घरीच बसला असतास."

 थोडं चालून एबेर थांबला.

"मी तुला तो नियम कधी पटवून दिला नाही," तो म्हणाला. "चौतीस वर्षं. रविवारी तू समोर बसायचास, कितीदा ओठांवर यायचं. पण म्हटलं, आपला झेंडा चुकला हे पटलं तर तू जिवाला लावून घेशील. तुझ्यामुळं माझं असं झालं म्हणून झोप लागायची नाही तुला. नीबियालाही सांगून ठेवलं होतं, ह्याच्यापुढं विषय काढू नकोस."

"माहीत आहे मला," ओरोस्मान म्हणाला.

हे तो इतक्या सहज म्हणाला, की बोलून गेल्यावर तोच दचकला. "म्हणजे, तसं नाही. तू काही बोलत नव्हतास, तर मला वाटलं... अरे, येत होतो की नाही मी दर रविवारी? दुसरं कोण आलं?"

"कुणी नाही."

"मग? या रविवारी लाकडं मी आणतो. चांगली सुकी आहेत माझ्याकडं."

एबेर त्याच्याकडं बघत राहिला. चांगला माणूस होता हा, चांगला सोबती. गावानं मारलं ते एबेरनं सोसलं होतं. गाव अडाणी आहे, असं म्हणून रोज रात्री पाठ टेकता येत होती. आता ह्याला काय म्हणायचं?  मग तो घराकडं वळला. ओरोस्मान मागून दोनदा हाक मारत होता.

नीबियाला बातमी त्याच्या आधी पोचली होती. टेबलावर समोरच्या घरच्या बाईनं आणलेली केकची ताटली होती. त्या बाईनं चौतीस वर्षांत ह्यांचा उंबरा ओलांडला नव्हता. नीबियानं ठेवणीतला झगा घातला होता, केस विंचरले होते, आणि रडून रडून तिचं नाक लाल झालं होतं.

"सगळे येऊन गेले," ती म्हणाली. "सगळे! रविवारी मोठा बेत करू. आणि ओरोस्मानला पहिलं ताट. गाव काय, आज आलं, उद्या जाईल. तो होता म्हणून आपण जगलो."

एबेर तिच्यासमोर बसला. तिचा दिवस होता आज. तिला असं हसताना पाहून किती वर्षं झाली होती! गप्प बसणं त्याला जमत होतंच. चौतीस वर्षांचा सराव होता. त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"नीबिया," तो म्हणाला, "त्याला नियम ठाऊक होता."

ती पंचाची बायको होती. तिला फोड करून सांगावं लागलं नाही. डोळे पुसता पुसता तिचा हात थांबला.

"तेव्हा?"

"तेव्हाच."

बाहेर फाटक वाजलं. ओरोस्मान होता, धापा टाकत आलेला. त्यानं नेहमीसारखी अंगणातूनच नीबियाला हाक मारली.

नीबिया उठली. दारापर्यंत गेली, आणि आतून कडी घातली.