कमरेचं नवं माप

"हल्ली कापडात दमच राहिला नाही. दोनदा धुतलं की सैल," सासूबाई आरशासमोर ब्लाउज चिमटीत धरून पुटपुटल्या.

"कापडच तसलं, आई," शिलाई मशीनवरची मान वर न करता मुलगा म्हणाला.

सुनेने टेप लावला. कमर तीन इंचांनी उतरली होती. "हो, कापडच," म्हणत ती कॉम्प्युटरकडे वळली. दुकानातल्या मापांचा प्रोग्राम तिनेच पायथन शिकून लिहिला होता. घरच्यांचीही मापं त्यात होती. पण तो नवं माप घेईना. वाढत्या मुलांची मापं तिने बदलता येतील अशी ठेवली होती. मोठ्यांची मात्र टपलमध्ये, म्हणजे एकदा भरली की काळ्या दगडावरची रेघ. मोठं माणूस कशाला बदलतंय, असा तिचा हिशेब.

"अडलं का घोडं?" नवऱ्याने विचारलं.

"घोडं माझंच आहे, हाकते मी."

तिने प्रत्येकासाठी डिक्शनरी केली. 'कमर' म्हटलं की कमरेचंच माप पुढे येणार, तेवढंच बदलणार. जुनं पुसलं जाऊ नये म्हणून तिथे लिस्ट ठेवली, नवं माप जुन्याच्या मागे बसेल. तिने एंटर दाबलं. चौतीस, एकतीस, शेजारी शेजारी.

सासूबाई चष्मा लावून वाकल्या. "घेतलं का यानं?"

"घेतलं."

"मग आपण तिघांनी कापडाला किती दिवस नावं ठेवायची? मी वाळत चाललेय. उद्या डॉक्टरकडे न्या मला."