उलट्या हाताने दहापर्यंत

शपथेवर सांगते, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. माझ्या तोंडात सहा दात उरलेत, त्या सहाही दातांची शपथ. यात एक शब्द खोटा निघाला तर उद्या सकाळी सहाच्या सहा उशीवर सापडोत. मग तर झालं?

तर दुपारचे दोन वाजले होते. माझा मुलगा एका निळ्या व्हॅनच्या मागच्या भागात गुडघे टेकून बसला होता. उजवा हात उलटा करून ॲम्प्लिफायरवर ठेवलेला, डोळे मिटलेले, आणि मोजणं चाललेलं.

"सात... आठ... नऊ... दहा. थंड! बघ आई, बर्फ नुसता."

मी त्याचा डबा घेऊन दुकानाच्या दारात उभी होते. मला वास आला. तापलेल्या इस्त्रीचा येतो ना, तसा. पण म्हातारीच्या नाकावर कोण विश्वास ठेवणार? मागे एकदा गॅस गळतोय म्हणून ओरडून मी अख्खी बिल्डिंग खाली उतरवली होती, आणि तो निघाला तिसऱ्या मजल्यावरचा उकडलेला कोबी. तेव्हापासून मी वास आला तरी आधी दहादा विचार करते.

माझा मुलगा गाड्यांमध्ये गाणी बसवतो. म्हणजे स्पीकर, वायरी आणि ॲम्प्लिफायर. ॲम्प्लिफायर म्हणजे बारीक आवाज घेऊन त्याला दांडगा करणारी पेटी. तिच्या पाठीवर ॲल्युमिनियमच्या फासळ्या असतात, त्यातून तिची ऊब बाहेर जाते. लोक काय करतात, ती दिसू नये म्हणून सीटखाली दडपतात आणि वर कार्पेट अंथरतात. मग ती तापते, लाल दिवा लावते आणि तोंड बंद करून बसते. "कोंडलेली सून आणि कोंडलेली पेटी, दोघी एक दिवस लाल होणारच," असं मी गिऱ्हाइकांना सांगते. सून जवळपास असली तर म्हणते, "सासूबाई, अनुभवाचे बोल!"

बाकीचे कारागीर पेटीला मीटर लावून बघतात. आमच्याकडे हात. तोही उलटा, कारण तळवा कामाने निबर झालेला. तो म्हणायचा, "आई, तळवा खोटं बोलतो, हाताच्या पाठीची कातडी बोलत नाही." दहा आकडे हात टिकला तर पेटी पास. सातला उचलावा लागला तर हवा कमी पडतेय. तीनला उचलावा लागला तर वायर बारीक आहे, नाहीतर पेटीचा गेन, म्हणजे जोर वाढवायचा खटका, कान पिळल्यासारखा वर नेऊन ठेवलाय. वीस वर्षांत हा हात चुकला नाही. बाजारात त्याला थर्मामीटरच म्हणतात. एकदा त्याने एका गिऱ्हाइकाशी हात मिळवला आणि म्हणाला, "गाडी राहू द्या, तुम्हाला ताप आहे, घरी जाऊन झोपा." होता की! एकशे दोन!

ती निळी व्हॅन ऐकू न येणाऱ्या मुलींच्या शाळेची. आठ मुली, आणि त्यांना नाच शिकवणाऱ्या एक बाई, काटकुळ्या, बोलताना हातांनीही बोलणाऱ्या. व्हॅनच्या पोटात एक लाकडी फळ्यांचा मंच, तो बाहेर सरकवायचा. मंचाखाली हा एवढा मोठा स्पीकर. गाणं लागलं की फळ्या धडधडायच्या आणि मुली त्यावर नाचायच्या.

"गाणं त्यांना पायातून वर चढतं," बाई म्हणाल्या होत्या. "आमचा कान म्हणजे ती फळी."

पण मागच्या कार्यक्रमात तिसऱ्या गाण्याला पेटी तापून बंद पडली. फळी मेली. मुली जिथल्या तिथे थांबल्या. एक तर खाली बसली आणि तिने फळीवर हात ठेवला, नाडी बघावी तसा. "लोकांना वाटलं नाचातलंच काहीतरी आहे," बाई म्हणाल्या, "टाळ्या वाजवल्या हो त्यांनी." हे सांगताना त्या दुसरीकडेच बघत होत्या.

आणि मी डबा घेऊन गेले त्या दिवशी चार वाजता मैदानावर शाळा चालवणारी मंडळी बघायला यायची होती. नाच नीट झाला तर नाचाचा वर्ग राहणार. नाहीतर मुलींनी शिवणकाम शिकावं, असं एका साहेबांचं मत होतं. पेटी टिकली पाहिजे, एवढंच काम होतं. चार गाणी.

मुलाने तीन दिवस खपून सगळं बदललं. पेटी मंचाखालून काढून व्हॅनच्या बाजूच्या पत्र्यावर उभी बसवली, ऊब वर जावी म्हणून. मागे चार बोटं मोकळी जागा. जाड वायर. दोन टोकांना दोन छोटे पंखे, एक हवा आत घेणारा, एक बाहेर टाकणारा. एक तास गाणी वाजवून पाहिली. आणि आता, दहा मोजून, थंड.

"जेवून घे," मी म्हटलं.

त्याने डबा घ्यायला हात पुढे केला. हाताच्या पाठीवर कातडी पांढरी पडून फुगायला लागली होती, लिंबाएवढी.

"हे काय रे?"

"कुठे काय?"

"हाताला!"

त्याने हात वळवून पाहिला. दुसऱ्या कोणाचा हात आपल्या बाहीत आल्यासारखा पाहिला. मग म्हणाला, "मघाशी कुठे घासला असेल."

खरं सांगू का, हे नवं नव्हतं. दोन महिने चाललं होतं. आधी त्याने चहाचं उकळतं भांडं फडक्याशिवाय उतरवलं, आणि मी शेजारणीला कौतुकाने सांगितलं की आमचा शूर आहे. मग एकदा त्याची एक चप्पल रस्त्यात निसटली आणि हा बाबा अख्खा बाजार दुसऱ्या चपलेवर पार करून घरी आला. कळलंच नाही म्हणे. आम्ही पोट धरून हसलो. सून तेवढी हसली नाही. ती दवाखान्यात रक्त काढायचं काम करते. "अख्ख्या गावाचं रक्त काढते मी," ती म्हणाली, "आणि हा मला एका थेंबासाठी सापडत नाही." हा म्हणायचा, उद्या. रोज उद्या.

मी व्हॅनमध्ये चढले. या वयात कशी चढले ते विचारू नका, उडीच मारली म्हणा. पेटीवर माझा उलटा हात ठेवला.

"एक... दो... आई गं!"

"आई, नाटकं नको."

"तूच केलीस इतका वेळ! पोळलंय रे तुला. तुला कळत नाहीये."

तो पेटीकडे बघत बसला. मग एकदम पंख्यांसमोर तळवा धरला, या टोकाला, त्या टोकाला. त्याच्या कपाळावर घाम आला.

"हवा कुठून कुठे जातेय?" त्याने विचारलं. मला! गाण्याची गाडी कुठल्या बाजूने वाजते हेही ज्या बाईला कळत नाही, तिला!

मी माझे उरलेले चार केस सोडून पेटीच्या एका टोकाशी नेले. केस आत ओढले गेले. दुसऱ्या टोकाशी नेले. तिथेही आत! दोन्ही पंखे आतच फुंकत होते, समोरासमोर, दोन जावा भांडाव्यात तसे. हवा मधल्यामध्ये अडकून तापत होती.

"हाताने बघूनच लावला होता," तो म्हणाला. "नेहमी तसाच लावतो."

हे त्याने इतकं हळू सांगितलं की मी ऐकलं नाही असं दाखवलं.

त्याने पंखा सोडवून उलटा बसवला. स्क्रू दोनदा बोटांतून पडला. मी उचलून दिला. तोवर पावणेतीन वाजले आणि बाई आल्या, मागे आठ मुली, सगळ्यांच्या वेण्या इतक्या घट्ट की भुवया वर चढलेल्या.

"झालं ना?" बाईंनी विचारलं. "आज थांबणार नाही ना?"

मुलगा उठून उभा राहिला. फोड आलेला हात त्याने मागे नेला नाही. म्हणाला, "बाई, माझ्या हाताला आता कळत नाही. गरम काय, थंड काय, मला सांगता येत नाही. मघाशी पंखा उलटा लावला होता, तो नीट केलाय. पण पेटी टिकेल की नाही याची खात्री मी देऊ शकत नाही. माझी आई हात ठेवून बसेल. चालेल का ते तुम्ही सांगा."

बाई त्याच्या हाताकडे बघत राहिल्या. मला वाटलं, झालं, आता म्हणतील दुसरा माणूस बोलवा. वीस वर्षांचं नाव त्या एका श्वासावर टांगलेलं होतं. मग त्या मुलींकडे वळल्या आणि हातांनी काहीतरी सांगितलं. आठही जणींनी माझ्याकडे पाहिलं.

"काय सांगितलंत?" मी विचारलं.

"या आजी फळीला ताप येऊ देणार नाहीत, असं."

मैदानावर ऊन असं होतं की कावळासुद्धा पायी चालला असता. साहेब मंडळी मांडवाच्या सावलीत खुर्च्यांवर. मुली मंचावर. मी व्हॅनच्या आत, पेटीशेजारी एका डब्यावर, आणि मुलगा दारात. ठरलं असं की मी उजवा हात पेटीवर ठेवायचा, मनात मोजायचं, आणि हात उचलावा लागला की डाव्या हाताची बोटं उघडमीट करून आकडा दाखवायचा.

पहिलं गाणं. धड, धड, धड. माझे सहा दातही नाचले. दहा. दुसरं गाणं. दहा. मुलाने मान हलवली, पण खांदे काही खाली आले नाहीत.

तिसऱ्याला मी आठवर हात उचलला. त्याचं तोंड उतरलं.

"आवाज कमी कर!" मी ओरडले.

"कमी केला तर त्यांच्या पायाला कळणार नाही!"

चौथं सुरू झालं. सहा. मग पाच. हवा तर नीट वाहत होती, मग का? मुलाने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि व्हॅनच्या बाहेरून पत्र्याला गाल लावला. गालाला कळत होतं अजून. ऊन कललं होतं आणि ज्या पत्र्यावर पेटी बसवली होती, बरोबर त्याच पत्र्यावर पडत होतं. बाहेरून तवा, आतून निखारा.

त्याने दुकानातून व्हॅनमध्ये टाकून आणलेली ताडपत्री ओढून काढली, व्हॅनच्या त्या बाजूला गेला आणि दोन्ही हातांनी ती डोक्यावर ताणून धरली. सावली पडली. खिडकीतून मला तो दिसत होता. उजव्या हातात ताडपत्रीचं टोक होतं, आणि दर दोन क्षणांनी तो मान वर करून त्या हाताकडे बघत होता. मला आधी कळेना की काय बघतोय. मग कळलं. टोक अजून हातात आहे का, ते बघत होता.

मी डाव्या हाताची पाच बोटं दाखवत होते. मंचावरच्या सगळ्यात छोट्या मुलीला ती दिसली. तिला वाटलं, नाचातला काही बदल आहे. तिनेही नाचता नाचता पाच बोटं वर केली. मग दुसरीने, मग आठही जणींनी. साहेब मंडळींनी मान डोलावली. एकाने तर खुर्चीवर बसल्या बसल्या आपलीही पाच बोटं वर केली!

सहा. सात. मी मोजत राहिले. सात. मग आठ. माझ्या हाताची आग आग होत होती, पण लाल दिवा लागला नाही. गाणं संपलं तेव्हा फळीची धडधड सगळ्यात शेवटी थांबली. मुली एक क्षण तशाच उभ्या राहिल्या, मग त्यांनी एकमेकींकडे बघून हात हवेत हलवले. त्यांची टाळी तशीच असते.

मुलगा ताडपत्री धरूनच उभा होता. संपलं हे त्याला मी जाऊन सांगितलं.

नाचाचा वर्ग राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो न सांगता दवाखान्यात जाऊन सुनेसमोर बसला आणि बाही वर केली. साखर किती निघाली ते मी सांगत नाही, तुम्ही म्हणाल म्हातारी फुगवून सांगते. फोड बरा झाला. हाताची जाणीव काही परत आली नाही, पायाचीही नाही. डॉक्टर म्हणाले, आहे ती सांभाळा. तो दुकान चालवतो. वायरी ओढतो, पंखे लावतो, आणि पेटी तपासायची वेळ आली की मला हाक मारतो. हात मी ठेवते. मोजतो तो.

आता तुम्ही माझ्या दातांकडे बघताय, म्हणून सांगून टाकते. या सगळ्यात एक गोष्ट मी पदरची घातलेली आहे. एकच.

बाईंना तो तसं काही बोलला नाही. बाईंनी विचारलं, "झालं ना?" आणि तो गप्प राहिला. मीच बोलले. माझ्या मुलाच्या हाताला कळत नाही, असं मी सगळ्या मुलींसमोर मोठ्याने सांगून टाकलं. तो आमच्याकडे पाठ करून व्हॅनमध्ये बसला होता आणि एक स्क्रू पिळत होता. तो स्क्रू केव्हाच घट्ट बसला होता.