निवडलेल्यांतला खडा

चष्मेवाल्यांना आपल्या आत्म्याच्या तारणाची जेवढी खात्री होती, तेवढी खात्री ते दुकानातल्या काचांचीही देत नसत. जग घडवण्याआधीच देवानं आपल्याला निवडून ठेवलंय, हे ते गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवता बसवता सांगत. समोरचा निवडलेला की टाकलेला, हेसुद्धा त्यांना नुसत्या चेहऱ्यावरून कळे. देवाला निदान मन तरी बघावं लागतं.

घरात सासूबाई होत्या. खुब्याचं हाड मोडल्यापासून खाटेला खिळलेल्या. कळ आली की त्या देवाशीच भांडत, "अरे, न्यायचं तर ने, नाहीतर उठव! मधेच काय लोंबकळत ठेवलंयस?"

चष्मेवाले दारातूनच हळहळत. "आई, निवडलेला माणूस दुःखात शांत असतो. तुमची ही कुरकुर ऐकून मला तुमच्या आत्म्याची काळजी वाटते."

काळजी आत्म्याची असल्यामुळे ते खोलीत येत नसत. बाकीचं सगळं बायको करी.

एका दुपारी दुकानातच त्यांच्या कमरेत कळ उठली आणि ते काउंटरवर आडवे झाले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, मुतखडा आहे. गोळ्या घ्या, पाणी प्या, पडेल आपोआप.

घरी आल्यावर त्यांनी जो टाहो फोडला, तो सगळ्या गल्लीनं ऐकला. "देवा, मी तुझं काय घोडं मारलंय? टाकलंस ना मला? मी तुझा नव्हतोच!"

पलीकडच्या खोलीतून सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, निवडलेला माणूस शांत असतो म्हणे."

"आई, चेष्टा नको हो!"

"चेष्टा कुठली? धान्य निवडताना आपण खडे काढून टाकतो. तुम्हाला निवडलं तेव्हा हा कसा राहिला, तेवढंच विचारते."

बायको तोंडावर हात दाबून औषधं आणायला पळाली.

पुढची कळ आली तेव्हा घरात दुसरं कुणी नव्हतं. चष्मेवाले रांगत सासूबाईंच्या खोलीत गेले आणि खाटेचा पाय धरून बसले. "आई, खरं सांगा. मी निवडलेला असेन ना?"

"मला काय ठाऊक? मी काय त्याची कारकून आहे?" सासूबाईंनी त्यांच्या घामेजल्या डोक्यावर हात ठेवला. "ओरडा तुम्ही. मी रोज ओरडते. अजून तरी त्यानं मला हाकललेलं नाही."

मग दोघंही ओरडले. शेजारीण धावत आली, तिला वाटलं म्हातारी गेली.

दुसऱ्या दिवशी खडा पडला. रविवारी चर्चच्या उपासनेत चष्मेवाले देवाच्या कृपेची साक्ष द्यायला उभे राहिले. आवाज परत भरदार झाला होता. "दुखण्याच्या त्या भट्टीतही माझी खात्री तसूभर ढळली नाही!"

बायकांच्या बाकांवरून त्यांची बायको उठली. "पाळकसाहेब, ढळली होती. हवं तर गल्लीला विचारा."

मंडळी खो खो हसली. पाळकांनी घाईघाईनं गीत सुरू केलं, पण त्यांनाही सूर सापडेना.

घरी येऊन चष्मेवाले तडक सासूबाईंपुढे उभे राहिले. "तुमच्या मुलीनं चारचौघांत माझं नाक कापलं!"

"कापू दे. जरा हात द्या, कूस बदलायचीय."

त्यांनी हात दिला, तोही भलत्याच बाजूनं. सासूबाई किंचाळल्या आणि एका दमात देवाला आणि जावयाला मिळून चार शिव्या हासडल्या. चष्मेवाल्यांनी त्या मुकाट ऐकल्या, आणि नीट कुठं धरायचं ते विचारलं.