नृत्यविभागातल्या गाद्या

बेल्जियमचे दोन नामांकित नर्तक मास्टर क्लास घ्यायला येणार हे कळल्यावर बिश्केकच्या त्या विद्यापीठात सर्वांत जास्त आनंद कुस्तीच्या प्रशिक्षकांना झाला. त्यांचं नाव जोल्दोश. नृत्यविभागाचा हॉल त्यांना कधीपासूनच हवा होता, आणि उपकुलगुरूंनी अखेर निकाल सांगून टाकला होता: परदेशी पाहुण्यांबरोबर नृत्यविभागाने काही बघण्यासारखं करून दाखवलं तर हॉल त्यांचा, नाहीतर सोमवारपासून कुस्तीचा.

क्लासच्या दिवशी सकाळीच जोल्दोश मोजपट्टी घेऊन हॉलच्या दारात उभे राहिले.

"काय मोजताय?" विभागप्रमुख कुलीपा एजेंनी विचारलं. एजे म्हणजे ताई. पण निवृत्तीला आलेल्या कुलीपांना शिपायापासून प्राध्यापकांपर्यंत सगळे एजेच म्हणत.

"काही नाही एजे. नुसता अंदाज."

"अंदाज बाहेर उभं राहून घ्या. आत माझी मुलं आहेत."

 हॉल गेला तर विभाग उरत नव्हता. नाच काही फळ्यावर लिहून शिकवता येत नाही. म्हणून एजेंनी जय्यत तयारी केली होती. मुलींना नक्षीची जाकिटं आणि मुलांना उंच टोप्या घातल्या होत्या. विद्यापीठानेही आपल्या परीने तयारी केली होती, म्हणजे नृत्याच्या विद्यार्थ्यांना पहाटेपासून अंगण झाडायला आणि झाडांच्या बुंध्यांना चुना लावायला जुंपलं होतं. उपकुलगुरू दुपारी बारा वाजता टीव्हीवाल्यांना घेऊन येणार होते. तोवर पाहुण्यांनी चार उड्या आणि सहा गिरक्या बसवून दिल्या की झालं, असा एजेंचा हिशेब होता.

पाहुणे आले. आनलीन आणि योरिस. दोघांच्या अंगात कोपरांवर विरलेले स्वेटर, ढगळ पायजमे आणि जाड मोजे.

"सामान हरवलं वाटतं बिचाऱ्यांचं," मागून एक मुलगी कुजबुजली.

"गप्प बस. तिकडे मोठ्या लोकांची हीच फॅशन असते," दुसरी म्हणाली.

दुभाषी म्हणून बेगाईम होती, शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी. आनलीन हॉलच्या मधोमध येऊन हळू आवाजात काहीतरी म्हणाली. बेगाईमने तिच्याकडे एकदा बघितलं, मग एजेंकडे.

"त्या म्हणतायत, सगळे जमिनीवर झोपा."

"नमस्कार वगैरे?"

"नाही एजे. सरळ झोपा."

हॉलमध्ये कुणी हललं नाही. नोव्हेंबर चालू होता. हॉल तापवणारे गरम पाण्याचे पाइप भिंतीवर उंच बसवलेले, त्यामुळे ऊब होती ती छताजवळ, आणि छताजवळ कोणीच नाचत नव्हतं. खालची फरशी मात्र बर्फासारखी होती. थंड जमिनीवर मुलीने बसू नये, हे त्या हॉलमधल्या प्रत्येकीला चालायला लागण्यापूर्वीपासून ऐकवलेलं होतं.

"त्यांना सांग," कुलीपा एजे म्हणाल्या, "की मुली थंड फरशीवर झोपणार नाहीत. उद्या यांना मुलं झाली नाहीत तर यांच्या सासवा माझ्या दारात येतील. बेल्जियमला नाही जाणार."

बेगाईमने ते बरंच लहान करून सांगितलं. योरिसने आदराने मान झुकवली आणि उत्तर दिलं.

"ते म्हणतात, जमीन ही आपली जोडीदार आहे."

"असेल. पण जोडीदाराने आधी अंग गरम करावं म्हणावं."

शेवटी मुलं धावत जाऊन वसतिगृहातून तोशोक घेऊन आली. लोकर भरलेल्या, लाल-हिरव्या ठिगळांच्या त्या गाद्या हॉलभर पसरल्या. दारापासून सर्वांत लांबची जागा मानाची, तिथे सगळ्यांत जाड तोशोक पाहुण्यांसाठी घातला. पाहुणे आपले दाराजवळ बसले, तर मुलांना त्यांच्याहून वरच्या जागी बसवेना. सगळा वर्ग दाराशी गोळा होऊन अवघडून उभा राहिला. बेगाईमने पाहुण्यांना हाताला धरून वर नेऊन बसवलं, तेव्हा कुठे मास्टर क्लास सुरू झाला.

"तुमच्या टाचा जड होत आहेत," आनलीन सांगत होती आणि बेगाईम तेच आपल्या भाषेत सांगत होती. "पाठीचा एकेक मणका जमिनीला देऊन टाका. काही करू नका. करणं सोडून द्या."

पहाटेपासून झाडू मारलेली मुलं, खाली लोकर, वर मऊ आवाज. थोड्याच वेळात हॉलमधल्या एकूण एक विद्यार्थ्याने करणं सोडून दिलं. चुना लागलेल्या हातांची घडी छातीवर ठेवून उंच टोपीतला एक मुलगा घोरू लागला.

योरिसच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ते म्हणतात," बेगाईम कुजबुजली, "की इतकं सैल शरीर त्यांनी युरोपात कुठे पाहिलं नाही. तिकडे लोकांना हे साधायला वर्षं लागतात."

"उड्या कधी आहेत ते विचार."

"विचारलं. उड्या नाहीत."

 तेवढ्यात दार उघडलं आणि उपकुलगुरू सोवेतबेक जानुझाकोविच आत आले. मागे कॅमेरा, आणि कॅमेऱ्यामागे जोल्दोश.

"कुलीपा असानोव्ना," उपकुलगुरू एजेंचं पूर्ण नाव घेऊन सावकाश म्हणाले, "हे काय चाललंय?"

"मास्टर क्लास."

"नाच कधी सुरू होणार?"

"हाच तो," एजे म्हणाल्या. दुसरं काही सुचलंच नाही.

जोल्दोशनी मोजपट्टीचं टोक खिशातून बाहेर काढलं. उपकुलगुरूंनी पाहुण्यांकडे बघितलं, मग कॅमेऱ्याकडे. टीव्हीसमोर, दोन युरोपियनांच्या देखत, मला काही कळलं नाही असं म्हणणारे उपकुलगुरू त्या शहरात अजून नेमले गेले नव्हते. त्यांनी विचारपूर्वक मान हलवली. ती बघून आनलीन हसत पुढे आली आणि तिने मानाच्या जागेवरचा जाड तोशोक दाखवला. पाहुण्याला नाही म्हणता येत नाही. उपकुलगुरूंनी बूट काढले, टाय सैल केला आणि आडवे झाले.

"टाचा जड होत आहेत," बेगाईम हलक्या आवाजात म्हणाली. "तुम्हाला कुणालाही उत्तर द्यायचं नाहीये."

हे त्यांना नोकरीत आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. दोन मिनिटांत त्यांचं तोंड उघडं पडलं.

"एजे, आता आतली भिंत मोजू का?" जोल्दोशनी विचारलं.

"हळू बोला. साहेब उठतील."

साहेब उठले ते बऱ्याच वेळाने. चेहऱ्यावर गादीच्या शिवणीचे वळ होते. 

"एजे," ते म्हणाले, आणि ते त्यांना पहिल्यांदाच एजे म्हणत होते, "या पदावर आल्यापासून मी झोपलो नव्हतो. हॉल कुठेही जाणार नाही. जोल्दोश, तुम्ही या आता."

कुलीपा एजेंनी श्वास सोडला. तो पुरता सुटायच्या आत साहेब पुढे बोलले.

"रोज जेवणानंतर दोन तास सगळं प्रशासन इथे हा नाच करेल."

"ती माझ्या तासाची वेळ आहे. मुलांनी कुठे जायचं?"

"मुलं बाहेर थांबतील. याला शांतता लागते."

म्हणजे हॉल वाचला, पण नाच दाराबाहेर. एजेंनी एकदा पाहुण्यांकडे पाहिलं. दोघं प्रसन्न चेहऱ्याने गाद्यांवर हात फिरवत होते.

"हा झाला पद्धतीचा अर्धा भाग," एजे म्हणाल्या. पुढचं वाक्य काय असेल हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. "झोपलेल्यांच्या भोवती कुणीतरी नाचावं लागतं. नाहीतर अंगातला जडपणा जमिनीत न जाता डोक्यात चढतो. तिकडे एका मंत्र्याला झालं होतं तसं."

"खरंच?"

"विचारा की यांना. बेगाईम, विचार गं."

बेगाईमने पाहुण्यांकडे वळून अदबीने काहीतरी विचारलं. त्या वाक्यातला ‘टी’, म्हणजे चहा, एवढा एकच शब्द एजेंना कळला. आनलीन आणि योरिस दोघांनी छातीवर हात ठेवून आनंदाने माना डोलावल्या.

"मग दोन्ही भाग व्हायला हवेत," उपकुलगुरू गंभीरपणे म्हणाले. "डोक्याचं काम आहे आपलं."

सोमवारी दुपारी हॉलमध्ये लेखा विभाग, परीक्षा विभाग आणि उपकुलगुरूंचं कार्यालय ओळीने झोपलेलं होतं. जोल्दोशही आले होते. हॉल नाही तर नाही, निदान एक गादी. त्यांच्यामधून, लोकरी मोजे घालून, मुली नाचत होत्या. मुख्य लेखापालांच्या पोटावरून झेप घेऊन पलीकडे उतरायचं आणि त्यांचं घोरणं तुटू द्यायचं नाही, असा धडा जगातल्या कुठल्याच नृत्यशाळेत नसेल. पहिल्या दिवशी दोघीजणी धडपडल्या आणि परीक्षा विभाग दचकून उठला. आठवडा संपेपर्यंत मात्र पाऊल टेकल्याचा आवाज यायचा बंद झाला. कुलीपा एजे भिंतीशी उभ्या राहून बोटांच्या खुणांनी शिकवत होत्या. मुली इतक्या हलक्या उतरताना त्यांनी कधी पाहिल्या नव्हत्या. बघता बघता त्यांचा हात हवेतच राहिला, आणि खूण थांबली म्हणून मुलीही थांबल्या.

मानाच्या गादीवरून डोळे न उघडताच आवाज आला, "थांबू नका. थांबलात की जाग येते."