सुमतीचं सोवळं

सुमतीच्या हातांचं आमच्या घरात कौतुक होतं.

डोंबिवलीत कुणी नवं बिऱ्हाड आलं आणि बायका भेटायला आल्या, की सासूबाई तिला बाहेर बोलवायच्या. "ही माझी नात. पहाटे विहिरीचं पाणी भरते, दांडीवरचं धूतवस्त्र काठीनं काढते, नेसते आणि मग माझ्या देवघरात पाऊल टाकते. कुणाचा वारा लागला तरी पुन्हा आंघोळ. आजकाल अशी मुलगी शोधून दाखवा." मग माझ्याकडे बघून, "नाहीतर आमच्या सूनबाई. मोरीतून उठतात, तशाच चुलीपाशी बसतात."

बायका हसत. मीही हसे. सुमती हात पदराखाली धरून उभी असे.

ते हात मला माहीत होते. बोटांच्या पेरांवर चिरा, सोड्यानं पांढरी पडलेली कातडी, नखांच्या कडेला रक्त. भाजीत मीठ टाकलं की ती ओठ चावायची. मोरीत शिरली की बाहेर यायचं नाव नाही. तांब्यामागून तांब्या ओतत राहायची. मी हाक मारली की आतून म्हणायची, "झालंच, नवीआई." आणि पुन्हा पाणी.

ती माझ्या पोटची नाही. स्वराज्य मिळालं त्या साली तिची आई गेली आणि वर्ष उलटल्यावर मी या घरात आले. तिच्यात नि माझ्यात नऊ वर्षांचं अंतर. नवीआई हे नाव तिनंच काढलं. पहिल्या संक्रांतीला माझ्या केसांत हलव्याचे दागिने तिनंच बांधले होते. तेव्हा ती मला शिवत होती. माझा बाळ झाला आणि तिनं माणसांना शिवणंच सोडलं. बाळ रांगत तिच्याकडे निघाला, की ही पोर खाटेवर चढून पाय वर घ्यायची. तो खाली बसून हात वर करायचा. ती भिंतीकडे तोंड करायची. मला वाटे, सावत्र भाऊ आहे, राग असेल. पण त्याचं आंघोळीचं पाणी तापवायला मात्र तीच उठायची.

स्टेशनजवळच्या आमच्या डॉक्टरांनी मलमं दिली. शेवटी एकदा तिला बाहेर बसवून मला म्हणाले, "वहिनी, हे कातडीचं दुखणं नाही. ठाण्यात माझे एक स्नेही आहेत, चौबळ म्हणून. मनाच्या आजारांचे डॉक्टर."

"वेड्यांचे?"

"मनाच्या आजारांचे म्हटलं मी. घरीच तपासतात. बोलून उपचार करतात."

आमच्याकडे रागावलेलं माणूससुद्धा 'ठाण्याला पाठव हिला' असं म्हणतं. माझं माहेर तिथलं, त्यामुळे लग्नापासून ही थट्टा मी ऐकत आले होते. आता तिथंच तिला न्यायचं, आणि तेही कुणाला न सांगता.

चैत्र होता. आईकडे हळदीकुंकू आहे अशी थाप मारली. बाळाला कडेवर घेतलं, सुमतीला सोबत घेतलं आणि दुपारच्या रिकाम्या गाडीनं गेलो. सुमती दोन बाकांच्या मध्ये, कशालाही न टेकता उभी होती.

डॉक्टर चौबळ म्हातारे, धोतर-कोटातले. "बस, बाळ," म्हणाले. ती खुर्चीकडे बघत राहिली.

"कोण कोण बसून गेलं असेल या खुर्चीवर, नाही? मग उभी राहा. मीही उभा राहतो. पण गुडघे माझे जुने आहेत, फार वेळ उभं करू नकोस हो."

तिला हसू आलं. किती दिवसांनी आलं.

शाळेचं, स्वयंपाकाचं काहीबाही विचारून ते सहज म्हणाले, "भाऊ छान आहे. कडेवर घेतेस का?"

"नाही."

"का गं?"

"मी शिवले तर तो मरेल."

गाडी किती वाजता येते हे सांगावं, इतक्या साधेपणानं ती बोलली. मी बाळाला घट्ट धरलं आणि मग माझीच मला लाज वाटली.

हळूहळू बाकीचं आलं. आई तापात पाणी मागत होती. जवळ कुणी नव्हतं. सुमती त्या दिवशी पहिल्यांदाच बाहेरची झाली होती, कोपऱ्यात बसवलेली. उठून तिनं पाणी पाजलं. दारातून आजी ओरडली, "शिवलीस! आता तिचं काही खरं नाही." आठवडा संपायच्या आत आई गेली.

निघताना डॉक्टर मला म्हणाले, "दर गुरुवारी आणा. लवकर सुटणारं नाही हे. आणि घरातलं कौतुक थांबवा. तुम्ही ज्याला सोवळं म्हणता, ती भीती आहे."

घरी पोचलो. सासूबाईंनी आधी माझा पदर पाहिला. "ओटी रिकामी? हरभरे नाहीत, डाळ नाही. कसलं गं हळदीकुंकू तुझ्या आईचं?"

मला दुसरी थाप सुचली नाही.

संध्याकाळी हे ऑफिसातून आले आणि टोपी काढायच्या आत त्यांच्या कानावर गेलं. "ठाण्याच्या डॉक्टरकडे नेलंस? कुणी पाहिलं असतं म्हणजे? दोन वर्षांत लग्नाची होईल ती. कोण करून घेईल?"

"त्या हातांवर मेंदी कुठं काढणार, ते सांगा आधी."

"पुन्हा जायचं नाही."

एवढं बोलून ते जेवायला बसले. सुमतीनं वाढलं. मी दारात उभी होते. पुढं जावं तर हे, मागं सासूबाई, कडेवर बाळ. आणि समोर ती, पोळी दुरून ताटात टाकणारी. तिनं त्या रात्री मला एवढंच सांगितलं, "आजीला सांगू नकोस. तिला वाईट वाटेल."

गुरुवार आला. हे ऑफिसला गेले. सुमती मोरीत होती. सासूबाई सोवळ्यात, चुलीपुढं. मी उंबऱ्याबाहेर बसले आणि सांगितलं. तापाचं, पाण्याचं, दारातल्या त्या ओरडण्याचं. या बाईनं हाकललं असतं तर बाळाला घेऊन मी कुठं जाणार होते?

त्यांची पळी तशीच हातात राहिली.

"मी म्हणाले असं?"

"हो."

"मला आठवत नाही गं." पुन्हा म्हणाल्या, "खरंच आठवत नाही." भाजी खाली लागली, तिचा वास सुटला, तरी त्या हलल्या नाहीत. "मी तर सगळ्यांनाच असं ओरडते. तुलाही ओरडते."

मग उठल्या. मी सरकून वाट दिली, पण माझा पदर त्यांच्या निऱ्यांना लागलाच. त्यांनी खाली पाहिलंसुद्धा नाही. मोरीच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. आत पाणी पडत होतं.

"सुमे," त्या म्हणाल्या, "तुझी आई विषमज्वरानं गेली. तुझ्या पाण्यानं नाही. ऐकतेस ना?"

पाणी थांबलं नाही.

"तहान तेवढी भागली तिची. मी नव्हतं गं दिलं."

तरी थांबलं नाही. आमची गाडी गेली. सासूबाई तिथंच जमिनीवर बसल्या, बाळ रांगत त्यांच्या मांडीवर चढला आणि त्यांनी त्याला चढू दिलं. पुष्कळ वेळानं सुमती ओल्या हातांनी बाहेर आली. आजीकडे पाहिलं, नजर वळवली. कातडी पुन्हा फाटली होती.

"त्याला विचारू नकोस," सासूबाई मला म्हणाल्या. 'त्याला' म्हणजे त्यांच्या मुलाला. "मी बघते त्याच्याकडे. पुढची गाडी केव्हा आहे?"

आम्ही पुढच्या गाडीनं गेलो. सुमती उभीच होती.