पाणसळ बिघडली नव्हती

मित्रांनो, ज्या खिडकीच्या कट्ट्यावर तुम्ही कोपर टेकून निवांत बसता, तो तिरपा नाही ना हे पाहणारी मी एक जुनी पाणसळ आहे. लाकडी पट्टी, टोकांना पितळ, मधोमध काचेची नळी आणि तिच्यात एक बुडबुडा. बुडबुडा दोन रेघांच्या मध्ये थांबला की समजायचं, विटांचा थर सपाट आहे. मला एवढंच येतं, पण तेवढं मी चोख करते.

माझा धनी गवंडी. नाकासमोर चालणारा, म्हणून सोबती त्याला भिंत सरळ उभी आहे का ते दाखवणाऱ्या वजनाच्या दोरीवरून ‘ओळंबा’ म्हणत. त्याची बायको त्याच्याच कामावर सिमेंट-वाळूचा माल कालवायची.

“काय गं, थांबला का तुझा लाडका?” तो बुडबुड्याकडे बोट दाखवून विचारायचा.

“थांबलाय. तुमच्यापेक्षा शहाणा आहे,” ती म्हणायची.

काम संपलं की तो मला शर्टाच्या टोकाने पुसायचा. एकटेपणा म्हणजे काय, ते तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

मग तो परांचीवरून पडला. पाठीला जबर मार बसला. डॉक्टरांनी थोडे दिवस घ्यायला जालीम गोळ्या दिल्या. दुखणं ओसरलं, गोळ्या मात्र चिकटल्या. जुनी चिठ्ठी दाखवत तो या दुकानातून त्या दुकानात फिरू लागला. गोळी मिळाली नाही की दारू, आणि पुढे पुढे दोन्ही. हात कापू लागले, थर तिरपे जाऊ लागले. माझा बुडबुडा बाजूला सरकला की तो माझ्यावरच डाफरायचा.

एकदा मुकादमाने त्याची अख्खी भिंत पाडायला लावली. “पाणसळच बिघडलीय!” तो सगळ्यांसमोर ओरडला. घरी येऊन त्याने मला जिन्याखाली भिरकावलं.

खापर आपल्यावर फुटावं आणि आपल्याला बोलता येऊ नये, याइतकं वाईट काही नाही. जिन्याखाली एक फुटकी बादली आणि मी. वरून त्याची अडखळती पावलं ऐकू यायची. त्याचं काम सुटलं, सोबतीही त्याला पाहून वाट बदलू लागले. तो एकटा, मीही एकटी, आणि मध्ये तो जिना.

एका दुपारी बायकोची किंकाळी ऐकू आली. दारू आणि गोळ्या एकत्र पोटात गेल्या होत्या, त्याचा श्वास मंदावला होता. वेळेवर दवाखान्यात नेलं म्हणून वाचला. घरी आला तो हेच म्हणत, “मला काही झालेलं नाही. गोळीच खराब निघाली.”

बायकोने मला जिन्याखालून काढलं, धूळ झटकली आणि खिडकीच्या कट्ट्यावर आडवं ठेवलं. बुडबुडा रस्त्याच्या बाजूला सरकला. तिने माझी टोकं उलटसुलट केली. बुडबुडा पुन्हा रस्त्याच्याच बाजूला.

“खोटी पाणसळ फिरवली की दुसरीकडे दाखवते. तुम्हीच शिकवलंत ना मला?” ती म्हणाली. “ही बिघडलेली नाही. कट्टाच तिरपा आहे.”

त्याने मला उचलून हातात घेतलं. “मी बिघडलोय गं,” तो म्हणाला आणि हमसून हमसून रडला.

“मग चला. मी येते बरोबर.”

व्यसनमुक्ती केंद्रातल्या डॉक्टरांनी सांगितलं, हा आजार आहे. मनाने एकदम सगळं बंद करू नका, औषधं देऊन हळूहळू सोडवू. तो तिथे राहिला. मी कट्ट्यावर पडून रिकामा रस्ता बघत राहिले. तो परत आला, एकदा घसरला आणि या वेळी स्वतःहून पुन्हा गेला.

परवा तो मला घेऊन कामावर गेला. मुकादमाने थापी पुढे केली. सगळे बघत होते.

“हात अजून कापतात,” तो म्हणाला. “थर दुसऱ्याला लावू द्या. मी विटा भिजवतो.” आणि मला त्याने दुसऱ्या गवंड्याच्या हातात दिलं.

परक्या हातात मला करमत नाही. पण संध्याकाळी तो येतो आणि मला शर्टाच्या टोकाने पुसतो.

मित्रांनो, पाणसळ खोटी वाटली तर फेकू नका, फिरवून बघा. आणि घरातलं माणूस कललं, तर त्याला उपचाराला न्या, बरोबर जा. त्याला टाकून देऊ नका. जिन्याखाली फार एकटं वाटतं.