दोराने ओढलेले अकरा किलोमीटर

मी एका लहान मोटारीचा जुना गिअरबॉक्स आहे. मित्रांनो, मेकॅनिकने माझ्या तळाचे झाकण उघडले, त्या दिवशी माझी अवस्था सगळ्यांना कळली. झाकणातल्या चुंबकावर पोलादाचा बारीक चुरा काजळीसारखा साचला होता.

"काका, गाडी दोर बांधून ओढत आणलीत का?"

"हो. बॅटरी उतरली होती. अकरा किलोमीटर तर होतं."

"कपाळ माझं! अहो, हिला ट्रकवर चढवून आणायची असते."

मालक वाकून त्या चुऱ्याकडे पाहू लागले.

माझ्या पोटात दोन पुल्या आहेत आणि त्यांच्यावर एक पोलादी पट्टा. प्रत्येक पुली म्हणजे समोरासमोर ठेवलेल्या दोन उतरत्या चकत्या. चकत्या जवळ आल्या की पट्टा वर चढतो, लांब गेल्या की खाली उतरतो. एक पुली मिटते तेव्हा दुसरी उघडते, म्हणून गाडीचा वेग हिसका न बसता वाढतो. चकत्यांना दाबून धरते ते तेल. ते तेल ढकलणारा पंप इंजिनावर चालतो.

मालकीणबाई नर्स होत्या. घरोघरी जाऊन आजाऱ्यांच्या जखमा बांधायच्या. डाव्या गुडघ्याने दगा दिला, क्लच दाबवेना, म्हणून त्यांनी बिनक्लचची ही गाडी घेतली. मालक कारखान्यात धातू कातायच्या लेथवर काम करायचे. पहिल्या दिवशी शेजारी बसून ते कान टवकारून ऐकत होते.

"अगं, इंजिन एकाच सुरात ओरडतंय. गिअर पडतच नाहीये."

"पडेल कसा? तुमच्या लेथवर पट्टा एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर टाकता ना? इथे पायऱ्याच नाहीत. घसरगुंडी आहे."

"तुला कोणी सांगितलं?"

"गाडीची पुस्तिका वाचली. तुम्हीही वाचा कधीतरी. चष्मा माझा घ्या हवं तर."

नऊ वर्षे बाईंनी मला जपले. तेल वेळेवर बदलले. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय कधी मागे घेतली नाही. मालक कारखान्यात माझे कौतुक सांगायचे, ते बाईंच्याच शब्दांत.

एका सकाळी बाईंच्या छातीत दुखू लागले. "जरा दाखवून येते," म्हणाल्या आणि स्वतःच गाडी चालवत दवाखान्यात गेल्या. त्या परत आल्या नाहीत. गाडी तिथल्या आवारात तीन आठवडे उभी राहिली. मालक आले तेव्हा बॅटरी मेली होती. गाडीचे काहीही असले तरी ते बाईंना विचारायचे. त्या दिवशी विचारायला कोणी नव्हते. शेजाऱ्याची जीप होती, दोर होता. इंजिन बंद, पंप बंद, आणि चाके मला फिरवत होती. तेलाचा दाब नव्हता. पट्टा पुल्यांवर घासत राहिला. मला ओरडता आले नाही.

मित्रांनो, माझ्यासारखा गिअरबॉक्स असलेली गाडी बंद पडली तर तिला दोर बांधू नका. आणि घरात ज्या माणसाला सगळे ठाऊक असते, त्याच्याकडून ते वेळीच शिकून घ्या.

"पट्टा आणि पुल्या नव्या टाकल्या की चालेल," मेकॅनिक म्हणाला. "टाकू ना काका?"

"टाकशील, पण चालवणार कोण? येताना तिच्या सीटवर बसलो, तेवढं बास झालं."

"मग भंगारात देऊ?"

"तसं म्हणालो का मी?"

त्याला दोन महिने झाले. मी गॅरेजच्या बाकावर उघडा पडून आहे. मेकॅनिकने नवा पट्टा आणि पुल्या आपणहून मागवून ठेवल्या आहेत. मालकांनी अजून होकार दिलेला नाही, आणि पट्टा बसवायचा राहिला आहे.